डेस्कटॉपमधलं कुसळ कसं काढायचं: नवख्यांसाठी, अगदी सुरुवातीपासून

लिनक्स टाकून महिना झाला की प्रत्येकाला एक दिवस वाटतंच, की अरे हे बटण इथे कशाला ठेवलंय, हे जरा असं केलं असतं तर किती सोपं झालं असतं. मग आपण ते मित्राला चहा पिताना सांगतो, मित्र "हो ना यार" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. हा लेख त्या चहानंतर काय करायचं त्याबद्दल आहे. प्रोग्रामिंग यायला हवं असं अजिबात नाही, मला स्वतःला धड येत नाही.

मी बोलतोय ते मुख्यतः जीनोम आणि केडीई प्लाझ्मा (हे लिनक्सवरचे दोन डेस्कटॉप) आणि उबंटू (लिनक्सचा तयार बांधलेला संच) यांच्याबद्दल, कारण तिथे आपली सूचना कुठे गेली, कोणी वाचली, का नाकारली हे सगळं उघड्यावर दिसतं. विंडोजमध्ये फीडबॅक हब आहे, विंडोजची की आणि एफ एकत्र दाबलं की उघडतं, तिथे लिहा जरूर. लोकांच्या ओरड्याचा तिथेही परिणाम होतो, विंडोज ८ मधून २०१२ ला काढलेलं स्टार्ट बटण वर्षभरात ८.१ मध्ये परत आणावं लागलं होतं. पण आत नेमकं काय शिजलं ते आपल्याला कळत नाही, त्यामुळे शिकायला तिथे फार मिळत नाही.

आधी एक शब्द समजून घ्या

२००९ मध्ये उबंटूवाल्यांनी 'हंड्रेड पेपर कट्स' नावाचा प्रकार सुरू केला. कागदाने बोट कापतं ना, रक्त फारसं येत नाही पण दिवसभर चुरचुरतं, तसले त्रास शोधायचे. अट अशी होती की नवीन उबंटू टाकल्यावर साध्या माणसाला पहिल्याच दिवशी जाणवेल असा त्रास पाहिजे, आणि तो सहज दुरुस्त होण्यासारखा पाहिजे. असे शंभर गोळा करून ऑक्टोबर २००९ च्या ९.१० आवृत्तीपर्यंत काढायचं ठरलं होतं. आपल्याकडे याला कुसळ म्हणतात. गवतातून चालून आलं की पायमोज्यात अडकतं, दिसत नाही, चालताना टोचत राहतं.

केडीईनेही २०२२ मध्ये असंच काहीसं चालू केलं, 'पंधरा मिनिटांचे बग' (बग म्हणजे प्रोग्राममधली चूक) म्हणून, म्हणजे प्लाझ्मा वापरायला घेतल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत जे खटकतं ते आधी दुरुस्त करायचं. नेट ग्रॅहम हे त्यामागचं ठळक नाव, केडीईत या आठवड्यात काय काय सुधारलं ते ते दर आठवड्याला लिहायचे, ते सदर आता बरेच जण मिळून चालवतात. नवख्याने महिनाभर ते वाचलं तरी कुठल्या प्रकारच्या सूचना पुढे जातात याचा अंदाज येतो.

सांगायचा मुद्दा हा की नवख्याने कुसळ आणावं, मुसळ आणू नये. "सगळा मेनूच बदला", "विंडोजसारखं करा", "मॅकसारखं करा" ही मुसळं. ती उचलायला माणसं नसतात आणि उचलली तरी ठेवायची कुठे हा प्रश्न असतो.

पायरी १: कोणाचा डेस्कटॉप आहे ते शोधा

हे हास्यास्पद वाटेल पण निम्मी नवखी मंडळी इथेच चुकतात. तुम्ही "उबंटू वापरतो" म्हणता तेव्हा त्यात चार मजले असतात. तळाला डिस्ट्रो, म्हणजे उबंटू, फेडोरा, मिंट वगैरे, ते सगळं एकत्र बांधून देतात. त्याच्यावर डेस्कटॉप, म्हणजे जीनोम किंवा प्लाझ्मा, खालची-वरची पट्टी, खिडक्या, नोटिफिकेशन हे त्यांचं. मग टूलकिट, जीटीके किंवा क्यूटी, यात बटणं, चेकबॉक्स, फाईल निवडायची खिडकी असतं. आणि सगळ्यात वर ॲप. उबंटूत डाव्या बाजूला जी उभी पट्टी असते ती मूळ जीनोममध्ये तशी नसतेच, ती उबंटूने बसवलेली आहे, त्यामुळे तिची तक्रार जीनोमकडे नेलीत तर ते नम्रपणे हात जोडतील. म्हणजे नळ गळतोय सोसायटीच्या टाकीचा आणि आपण महानगरपालिकेत अर्ज देतोय.

प्लाझ्मा असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये 'अबाउट धिस सिस्टिम' उघडा. प्लाझ्मा, क्यूटी, कर्नल (लिनक्सचा गाभा) सगळ्यांच्या आवृत्तीचे आकडे आणि वेलँड चालू आहे की एक्स ११ (स्क्रीनवर खिडक्या दाखवायच्या या दोन यंत्रणा) हेही तिथेच मिळतं, कॉपी करायचं बटणही आहे. जीनोममध्ये सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये. हे एका फाईलमध्ये चिकटवून ठेवा, पुढे चार वेळा लागेल.

पायरी २: आठवडाभर फक्त बघा

लगेच लिहायला बसू नका. मोबाईलमध्ये एक नोट उघडा आणि जिथे जिथे अडखळाल तिथे एक ओळ टाका, काय करत होतो, काय होईल वाटलं होतं, काय झालं. उपाय लिहू नका, उपाय सुचतातच आपल्याला, तो आपला राष्ट्रीय छंद आहे, पण अजून नको.

आणि स्वतःपेक्षा दुसऱ्याला बघा, कारण आपल्याला सवय होते. माझा डोळा उघडला तो आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांमुळे. रिटायर्ड आहेत, सोसायटीचे सेक्रेटरी, आणि त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर मीच लिनक्स टाकून दिलंय. त्यांना वार्षिक सभेची नोटीस आणि सगळे हिशेब पेनड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सवाल्याकडे जायचं होतं. मी शेजारी बसलो होतो, मुद्दाम काही बोललो नाही. त्यांनी फोल्डर कॉपी केलं, पेनड्राइव्हमध्ये पेस्ट केलं, हिरवी पट्टी सरकली, पूर्ण झाली, गायब झाली. काकांनी खिडकी बंद केली आणि पेनड्राइव्ह उपटला. दहा मिनिटांनी झेरॉक्सच्या दुकानातून फोन, "अरे, फाईल उघडतच नाहीये, शून्य दाखवतंय."

आता यात चुकलं कोण? लिनक्स कॉपी करताना डेटा आधी मेमरीत घेतं आणि मग सावकाश पेनड्राइव्हवर उतरवतं, पेनड्राइव्ह स्वस्तातला असेल तर फारच सावकाश. पट्टी मेमरीत गेलं की पूर्ण होते. रीतसर 'इजेक्ट' केलं तर सिस्टिम थांबून सगळं उतरवून घेते, "अजून लिहितोय, काढू नका" असा निरोपही येतो. पण काकांनी इजेक्ट केलंच नाही, आणि का करतील, पट्टीने तर सांगितलं झालं म्हणून! मी नंतर घरी तेच मुद्दाम परत करून बघायला लावलं, यावेळी इजेक्ट करा म्हटलं, तर निरोप आला तो स्क्रीनच्या वरच्या भागात, आणि काकांची नजर पूर्ण वेळ फाईलच्या खिडकीवर, त्या बाजूच्या छोट्या इजेक्टच्या खुणेवर. निरोप येऊन गेला, त्यांनी पाहिलाच नाही.

हे मला एकट्याने वापरताना दहा वर्षं बसूनही कळलं नसतं. माझा हात आपोआप इजेक्टवर जातो. म्हणून घरातल्या कोणाला तरी एखादं काम सांगा, फोटो ईमेलला जोडा, बिल प्रिंट करा, आणि तोंडाला कुलूप लावून बघा. त्यांनी "आता काय करू?" विचारलं की तुम्ही उलट विचारा, "तुम्हाला काय वाटतं काय करावं?" माउसचा बाण कुठे जातो ते लिहून ठेवा, तो जिथे जातो तिथे बटण असायला हवं होतं.

पायरी ३: खरंच तसंच होतं का ते तपासा

नवीन यूजर अकाउंट उघडा आणि त्यात करून बघा, कारण आपण थीमा आणि एक्स्टेन्शनं टाकून टाकून सिस्टिमचं पार कडबोळं केलेलं असतं, आणि त्रास निघतो त्या एक्स्टेन्शनचा. मग शक्य असेल तर ताज्या आवृत्तीत बघा. केडीईसाठी 'केडीई निऑन'ची टेस्टिंग किंवा अनस्टेबल आवृत्ती असते, जीनोमसाठी 'जीनोम ओएस' असतं, ते पेनड्राइव्हवरून किंवा बॉक्सेससारख्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये, चालवून बघता येतं. आपली आवृत्ती दोन वर्षं जुनी असेल तर त्रास कधीच निघून गेलेला असू शकतो, तसं असेल तर पाच मिनिटांत काम संपलं, पुढच्या अपडेटची वाट बघा.

पायरी ४: आधी कोणी म्हटलंय का ते शोधा

म्हटलेलं असतंच. केडीईचं बगझिला, जीनोमचं गिटलॅब, उबंटूचं लॉन्चपॅड या तक्रारी नोंदवायच्या साइट, सगळीकडे शोधायची सोय आहे, आणि चार-पाच वेगवेगळ्या शब्दांनी शोधा कारण लोक एकाच गोष्टीला दहा नावं देतात. बंद झालेल्या नोंदीही बघा, खरा खजिना तिथेच असतो. केडीईत बंद करताना 'इंटेन्शनल' असा शेरा मारलेला दिसला तर समजा की ते मुद्दामच तसं ठेवलंय, आणि खाली कोणीतरी कारणही दिलेलं असतं. ते कारण आधी वाचा. तुमच्याकडे त्या कारणाला उत्तर असेल तरच पुढे, नाहीतर नाही.

जुनी नोंद सापडली की नवीन उघडायची नाही. त्याखाली काही नवीन सांगण्यासारखं असेल, वेगळी आवृत्ती, वेगळं हार्डवेअर, परत घडवून दाखवायच्या नेमक्या पायऱ्या, तर ते लिहा. "मलाही" एवढंच लिहू नका, त्या नोंदीला जोडलेल्या सगळ्यांना ईमेल जातो. पन्नास जणांच्या इनबॉक्समध्ये आपण "मलाही" पाठवतोय, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकल्यासारखं.

पायरी ५: मतं किती पडली यावर भरोसा ठेवू नका

ही पायरी नाही खरं तर, पण इथेच सांगितलेलं बरं कारण इथेच लोक रुसतात.

२००८ मध्ये उबंटूने 'ब्रेनस्टॉर्म' नावाची जागा काढली होती, कल्पना टाका, लोक वर-खाली मतं देणार. मजा होती, कल्पनांचा पाऊस पडला, पण मत देणं फुकट असतं आणि कोड लिहिणं फुकट नसतं, त्यामुळे वर चढलेली कल्पना आणि ती करायला मोकळा असलेला माणूस यांची गाठ पडेलच असं नसायचं. पुढे ती जागा बंद झाली.

मग २०१० चं ते प्रसिद्ध भांडण. उबंटू १०.०४ येत होतं आणि खिडकीची बंद करायची, लहान-मोठी करायची बटणं उजवीकडून उचलून डावीकडे नेली. लोक खवळले, लॉन्चपॅडवर त्या नोंदीखाली नुसती रांग लागली. तेव्हा उबंटूचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी सरळ लिहिलं की ही लोकशाही नाही, चांगलं मत आणि चांगला डेटा आणा, त्याचं स्वागत आहे, पण डिझाइनच्या निर्णयावर मतदान होणार नाही. लोकांना ते फार झोंबलं. बटणं डावीकडेच राहिली, आणि २०१७ च्या ऑक्टोबरला १७.१० मध्ये उबंटूने स्वतःचा युनिटी डेस्कटॉप सोडून जीनोम घेतला तेव्हा परत उजवीकडे आली. साडेसात वर्षं!

माझं मत विचाराल तर शटलवर्थ यांचा सूर उद्धट होता पण बोलण्यातला डेटावाला अर्धा भाग नवख्याने पाठ करून ठेवावा. शंभर मतांपेक्षा काकांच्या नजरेची एक नोंद जड असते, निदान डिझाइन करणाऱ्यासाठी.

आणि मागणी योग्य असून, सगळ्यांना मान्य असूनसुद्धा वर्षानुवर्षं लटकते त्याचंही एक उदाहरण बघा. जीनोममध्ये फाईल जोडताना जी निवडायची खिडकी उघडते तिच्यात फोटोंची छोटी चित्रं जाळीत दिसावीत, नुसती नावं नकोत, ही मागणी २००४ मध्ये नोंदवलेली होती. ती पूर्ण झाली मार्च २०२३ मध्ये, जीनोम ४४ बरोबर. मधल्या काळात त्यावर इतके विनोद झाले की नवीन माणसाला आधी विनोद कळायचा, मग बग. एवढा वेळ का लागला? कोणाला नको होतं म्हणून नाही. त्या खिडकीतला याद्या दाखवणारा जुना भाग त्यासाठी बनलेलाच नव्हता, जीटीके ४ मध्ये याद्या आणि जाळ्या दाखवायची नवीन यंत्रणा आली, तिच्यावर ती खिडकी पुन्हा बांधली, तेव्हा कुठे जमलं. म्हणजे भिंतीवर खिळा ठोकायचा होता पण आधी भिंतच बदलावी लागली. आपल्याला बाहेरून खिळाच दिसतो.

पायरी ६: लिहायचं कसं

आता मी स्वतः केलेली चूक. माझी पहिली नोंद, कुठल्या प्रोजेक्टला ते जाऊ दे, तिचं शीर्षक साधारण असं होतं: "डेस्कटॉप सोपा करण्यासाठी काही सूचना". आत सात मुद्दे, त्यातले तीन सौंदर्याबद्दल, एक तर चक्क फॉन्टच्या रंगाबद्दल, आणि शेवटी "यामुळे लाखो लोक लिनक्सकडे वळतील" असं वाक्य. दोन दिवसांत बंद. एका नोंदीत एकच विषय टाका, असं सांगून. मी आठवडाभर फुगून बसलो होतो, आज तीच नोंद वाचली की लाज वाटते.

काकांच्या पेनड्राइव्हबद्दल लिहिलं ते असं, इंग्रजीत लिहिलं होतं, मतलब इथे मराठीत देतो:

शीर्षक: पेनड्राइव्हवर कॉपी पूर्ण दिसल्यावरही लिहिणं चालू असतं, ते फाईलच्या खिडकीत कळत नाही.

काय केलं: एक, साधारण दीड जीबीचं फोल्डर यूएसबी २ पेनड्राइव्हवर पेस्ट केलं. दोन, पट्टी पूर्ण होऊन गेल्यावर लगेच पेनड्राइव्ह काढला. तीन, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावला.

काय झालं: काही फाईल शून्य आकाराच्या. इजेक्ट केलं तर निरोप येतो, पण तो स्क्रीनच्या वर येतो आणि वापरणाऱ्याची नजर खिडकीच्या बाजूच्या पट्टीवर असते.

काय अपेक्षित होतं: लिहिणं चालू आहे तोवर त्या ड्राइव्हच्या नावाशेजारीच काहीतरी खूण दिसावी.

खाली आवृत्तीचे आकडे आणि स्क्रीनचं रेकॉर्डिंग.

बघा, यात "कॅश बंद करा" (कॅश म्हणजे डेटा आधी मेमरीत घ्यायची ती सोय) असं कुठेही नाही. तसं म्हटलं असतं तर ज्याला ती कॅश का आहे ते माहितीये तो वैतागला असता आणि मूळ त्रास बाजूला राहिला असता. त्रास सांगायचा पूर्ण, उपाय सांगायचा अर्धा. "दिसावी" म्हटलं, कशी दिसावी ते त्यांच्यावर सोडलं.

इंग्रजी कच्चं असेल तर घाबरू नका, छोटी वाक्यं लिहा, तिथे जर्मन, ब्राझिलियन, झेक, सगळ्यांचंच इंग्रजी दुसरी भाषा असलेलं आहे. रेकॉर्डिंगसाठी जीनोममध्ये प्रिंट स्क्रीनची की दाबली की फोटो आणि व्हिडिओ दोन्हीची सोय येते, केडीईत स्पेक्टॅकल आहे. व्हिडिओ अर्ध्या मिनिटापेक्षा मोठा नको, आणि हो, मागे बँकेचं पान उघडं नाही ना ते बघा.

चित्र काढून दाखवायचं असेल तर कागदावर पेनाने काढून फोटो टाकला तरी चालतो. इंकस्केप किंवा पेनपॉट येत असेल तर उत्तम, पण फार चकाचक चित्र दिलं की लोक रंगावर बोलायला लागतात आणि मुद्दा हुकतो, हा माझा अनुभव.

पायरी ७: दार कुठलं ठोठवायचं

त्रास चूक या प्रकारातला असेल, म्हणजे व्हायला हवं ते होत नाहीये, तर सरळ बगझिला किंवा गिटलॅब. नवीन सोय हवी असेल तर केडीईत बगझिलावरच 'विशलिस्ट' म्हणून नोंद करता येते. जीनोममध्ये मात्र नवीन कल्पना आधी त्यांच्या डिस्कोर्स या चर्चेच्या साइटवर टाका, थेट गिटलॅबवर ढकलू नका. त्यांची डिझाइनवाली मंडळी आपली कच्ची चित्रंसुद्धा गिटलॅबवर 'व्हाइटबोर्ड'मध्ये उघडी ठेवतात, ती बघितली तर कळतं की तुमच्या डोक्यात आलेलं त्यांच्याही डोक्यात आलंय का. आणि त्यांचे ह्यूमन इंटरफेस गाइडलाइन्स, म्हणजे डिझाइनचे नियम, निदान चाळून घ्या, "आमच्याकडे असं करत नाहीत" हे उत्तर बऱ्याचदा तिथूनच येतं.

उबंटूमध्ये एक गोष्ट लोकांनी मोठी करून दाखवली आहे, यारू थीम. हौशी मंडळींनी एकत्र येऊन थीम बनवली, आधी तिचं नावच 'कम्युनिथीम' होतं, आणि ऑक्टोबर २०१८ च्या १८.१० पासून ती उबंटूची मुख्य थीम झाली. पण लक्षात घ्या, तिथे लोक नुसती कल्पना देऊन थांबले नाहीत, आयकॉन काढत बसले, रंगांवरून महिनोन्महिने वाद घातले.

पायरी ८: आपल्या भाषेचं कुसळ आपणच काढायचं

इथे मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे बाकी जगाला दिसूच शकत नाही.

एक फोल्डर बनवा आणि नाव द्या "मूर्तींचे फोटो". रफार, दीर्घ वेलांटी, अनुस्वार, तिन्ही एकाच अक्षराच्या डोक्यावर. आता ते नाव डेस्कटॉपवर, खालच्या पट्टीत, खिडकीच्या मथळ्यात, फाईल निवडायच्या खिडकीत, सगळीकडे बघा. कुठेतरी डोकं कापलेलं दिसलं तर ते कुसळ. दुसरं फोल्डर "ट्रू, हृदय, कुत्र्यांचे", यात खालचा भाग कापला जातो का ते बघा. ओळीची उंची ठरवताना समोर इंग्रजी अक्षरं ठेवून ठरवलेली असते, म्हणून हे होतं, कोणाचा दुष्टपणा नसतो. असं सापडलं तर स्क्रीनशॉट, फॉन्टचं नाव, आकार, आणि स्क्रीन किती टक्के मोठी केलीये ते द्या, आणि बाजूला ते नाव नीट कसं दिसायला हवं त्याचं चित्र द्याच, कारण वाचणाऱ्याला देवनागरी येत नाही, त्याला कापलेलं आणि न कापलेलं सारखंच दिसतं.

ल आणि श चं पण तसंच. आपला मराठी ल आणि हिंदीचा ल वेगळ्या वळणाचा, तुम्हाला माहितीच आहे. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टात दोन्ही वळणं असतात, पण मराठीचं वळण तेव्हाच येतं जेव्हा प्रोग्राम फॉन्टला सांगतो की हा मजकूर मराठी आहे. तुमची सिस्टिम इंग्रजीत चालू असेल तर तो तसं सांगतच नाही आणि हिंदी वळण येतं. हा डेस्कटॉपचा बग म्हणून नोंदवायला निघालात तर आधी सिस्टिमची भाषा मराठी करून बघा, ल बदलला तर फॉन्ट निर्दोष आहे.

टायपिंगचंही बघा. इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिकने "ॲ" आणि "ऱ्या" येतात का, सर्चच्या खोक्यात मराठी टाकलं की अर्धवट शब्दावरच शोध सुरू होऊन कर्सर उडतो का, पासवर्डच्या खोक्यात चुकून मराठी कीबोर्ड चालू राहिला तर ते कुठे दिसतं का. या विषयाला सध्या बरा वाराही आहे, केडीईने २०२४ मध्ये पुढच्या काळासाठी जी तीन ध्येयं निवडली त्यातलं एक सगळ्या प्रकारच्या इनपुटबद्दलच आहे, त्यात आपल्यासारख्या भाषांचं टायपिंगही येतं. म्हणजे दार उघडं आहे, आत जाऊन सांगायला मराठी माणूस हवा.

मराठी भाषांतर वाचा म्हणजे वाचाच. मेनूतला एखादा शब्द असा असतो की मराठीपेक्षा इंग्रजी बरं वाटावं, कोणीतरी कधीकाळी डिक्शनरी उघडून लिहिलेला. जीनोमसाठी भाषांतराची वेगळी साइट आहे, केडीईची मराठी टीम वेगळी, आणि शब्द बदलणं हा कोड न लिहिता थेट डेस्कटॉप बदलायचा सगळ्यात जवळचा रस्ता आहे. सुरुवातीला दहा शब्द घ्या, त्याहून जास्त नको, आणि ते आईला किंवा काकांना वाचून दाखवा, "हे बटण दाबल्यावर काय होईल?" बरोबर उत्तर आलं तर शब्द पास.

पायरी ९: पाठवल्यावर

थांबा. पण ईमेल बघत राहा, कारण केडीईत कोणी जास्त माहिती मागितली आणि तुम्ही उत्तर दिलं नाही तर पंधरा दिवसांनी आठवण येते आणि महिन्याभरात नोंद आपोआप बंद होते. खूप चांगल्या नोंदी अशा नुसत्या आळसाने मेल्यात.

नाकारलं तर एकदा शांतपणे विचारा, का. उत्तर पटलं नाही तरी तिथे भांडू नका, ती माणसं बऱ्याचदा नोकरीनंतर रात्री बसून हे करत असतात. शिवाय नाकारलेलं कधी कधी दुसऱ्याच रूपात येतं. केडीईत कित्येक वर्षं एका क्लिकने फाईल उघडायची, विंडोजवरून आलेली माणसं फाईल नुसती निवडायला जायची आणि ती उघडायची, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर वाद झाले, आणि फेब्रुवारी २०२४ ला प्लाझ्मा ६ आलं तेव्हा डबल क्लिक हीच मूळ सेटिंग झाली. एक क्लिकवाल्यांची सोय काढली नाही, सेटिंगमध्ये तशीच आहे. मला वैयक्तिक एक क्लिकच आवडतं, आल्या आल्या बदललं, पण नवख्यासाठी त्यांनी केलं ते बरोबरच केलं.

आमच्या पेनड्राइव्हच्या नोंदीचं म्हणाल तर ती एका जुन्या नोंदीला जोडली गेली, म्हणजे मी पायरी ४ नीट केली नव्हती. तिथे एकाने रेकॉर्डिंग उपयोगी पडलं म्हणून लिहिलं, अजून ती नोंद उघडीच आहे. काकांनी तोवर स्वतःचा उपाय काढलाय, पट्टी पूर्ण झाली की मनातल्या मनात शंभर मोजतात आणि मग मला हाक मारतात, "काढू का रे आता?"